मीममधल्या माणसाला कोणी विचारतं का?

सुरंगी (धागाकर्ती)

मीम हा आपल्या काळातला सगळ्यात जिवंत लोकप्रकार आहे, असं माझं ठाम मत आहे. जात्यावरच्या ओवीसारखाच तो कोणी रचला ते कळत नाही, पुढची बाई त्यात आपली ओळ घालते आणि तो पुढे जातो. सांगलीतला कॉलेजचा मुलगा आणि न्यू जर्सीतल्या काकू एकाच चित्रावर हसतात. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ सालचा. तेव्हा जन्मही न झालेली मुलं आज धनंजय मान्यांना घरभाड्यावर, परीक्षेवर, लग्नाच्या स्थळांवर बसवतात आणि ते दर वेळी चपखल बसतं. मला याचं फार कौतुक आहे.

पण अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे नट. ते हावभाव त्यांनी लोकांनी बघावेत म्हणूनच केले. आमच्या भागात आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी आहेत. एका गिऱ्हाइकाने भाव पाडून मागता मागता मोबाइल सुरू ठेवला. आजी चिडल्या, चार शब्द बोलल्या. मग त्या चार शब्दांना गाण्याचे तुकडे जोडून, चेहरा मधेच थांबवून, वर ओळी लिहून मीमचा पाऊस पडला. आजींकडे साधा फोन आहे. पोरं समोर उभी राहून त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवायला लागली, तेव्हा त्यांना हे कळलं. आजही त्या बाजारात बसतात, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. भाव बोटांनी सांगतात.

व्हिडिओचा दुवा कृपया कोणी इथे देऊ नये. मला एवढंच विचारायचंय: नट, पुढारी, खेळाडू आणि या आजी, यांच्यात आपण मीम बनवताना, पुढे पाठवताना फरक करतो का?

घाटमाथा

आजींबद्दल वाईट वाटलं. पण सरसकट 'आधी विचारा' असा नियम केला तर मीम संपलेच.

टाँटनचा तो पाकिस्तानी प्रेक्षक आठवा. १२ जून २०१९, विश्वचषकाचा ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान सामना. वहाब रियाझच्या चेंडूवर डेव्हिड वॉर्नरचा झेल आसिफ अलीने सोडला आणि कॅमेरा गेला कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाकडे. त्या चेहऱ्यावर जे होतं ते शब्दांत सांगायला परिच्छेद लागला असता. पुढे हाँगकाँगला मीमचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याचं चित्र लागलं आणि त्याने स्वतः ते आनंदाने जगाला सांगितलं. त्याला आधी कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. विचारत बसले असते तर तो क्षण गेला असता.

सार्वजनिक जागी आपण जे करतो ते लोक बघणार, हसणार. चावडीवर, पारावर हेच चालायचं.

दूरदेशी

@घाटमाथा, पारावरचं हसणं गावच्या वेशीपर्यंत जायचं आणि पुढच्या हंगामापर्यंत विरून जायचं. फरक तिथेच आहे.

मी कॅनडात राहते. इथे क्युबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर शहरातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २००२ साली शाळेच्या स्टुडिओत एका किशोरवयीन मुलाने गोल्फचे चेंडू काढायची काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचं चित्रण केलं. एकटाच होता, कोणाला दाखवायचं नव्हतं. टेप तिथेच राहिली. २००३ मध्ये वर्गातल्या मुलांच्या हाती लागली आणि त्यांनी ती इंटरनेटवर टाकली. तेव्हा यूट्यूबही नव्हतं, तरी ते जगभर पसरलं. लोकांनी त्याच्या हातातल्या काठीला 'स्टार वॉर्स' सिनेमातल्यासारखी प्रकाशाची तलवार जोडली, मागे संगीत घातलं. 'स्टार वॉर्स किड' हे नाव त्याला त्यातूनच चिकटलं.

त्याला शाळा सोडावी लागली. आईवडिलांनी त्या वर्गमित्रांच्या कुटुंबांवर दावा लावला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. २०१३ मध्ये तो पहिल्यांदा स्वतःहून मुलाखतीत बोलला, तोवर त्याने कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. २०२२ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला, त्यात तो स्वतः आहे. त्याचं खरं नाव शोधलं तर सापडेल, मी इथे लिहीत नाही.

मला यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. पसरवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो मुलगा आवडला होता. त्यांनी वर्गणी काढून त्याला आयपॉड दिला, त्याला सिनेमात छोटं काम मिळावं म्हणून अर्जावर सह्या गोळा केल्या. प्रेमानेच केलं सगळं. आणि तरी त्याचं आयुष्य मोडत होतं. त्यामुळे 'आम्ही कौतुकानेच केलं' हे उत्तर मला पुरत नाही.

पाटावरवंटा

मी मराठी मीमचं एक पान चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी कामाची पद्धत सांगतो, कारण बाहेरून वाटतं तसं ते नसतं. चित्र आधी आणि ओळ नंतर, असं क्वचितच होतं. दिवसभरात काहीतरी घडतं, वीज जाते, निकाल लागतो, सामना हरतो. मग मनात शोध सुरू होतो की या भावनेला चेहरा कोणता. चेहरा असा लागतो की मूळ प्रसंग माहीत नसला तरी भावना एका नजरेत कळावी. म्हणून टेम्प्लेट, म्हणजे नव्या नव्या ओळींसाठी पुन्हा पुन्हा वापरलं जाणारं चित्र, होणारे चेहरे बहुतेक वेळा संमिश्र भावनेचे असतात. नुसतं हसणं, नुसतं रडणं टिकत नाही. हसता हसता आतून काहीतरी दुखतंय असा चेहरा वर्षानुवर्षं चालतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे 'हाइड द पेन हॅरल्ड'. ते गृहस्थ हंगेरीचे आंद्राश अराटो, पेशाने विद्युत अभियंता. त्यांचे सुट्टीतले फोटो बघून एका छायाचित्रकाराने त्यांना मॉडेल म्हणून बोलावलं. जाहिरातींसाठी विकले जाणारे फोटो काढले: हातात कप घेतलेले, लॅपटॉपसमोर बसलेले, डॉक्टरच्या कोटातले. काही काळाने त्यांनी सहज आपला फोटो इंटरनेटवर शोधला, तर जगभर आपल्यावर मीम चाललेत. सुरुवातीला त्यांना फार त्रास झाला, सगळं बंद करावंसं वाटलं. बंद होणार नाही हे कळल्यावर त्यांनी ते आपल्या हातात घेतलं. २०१८ मध्ये कीव्हमध्ये व्यासपीठावर उभं राहून त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली.

आमच्या पानावर आम्ही सिनेमा, मालिका, पुढारी आणि क्रिकेट यांवरच जगतो. मराठी सिनेमा आणि मराठी राजकारण मीमवाल्याला कधी उपाशी ठेवत नाही. २०१९ मध्ये 'मी पुन्हा येईन' किती चाललं आठवा. देवेंद्र फडणवीसांचं ते वाक्य नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर उलटवलं गेलं, २०२२ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले तेव्हा त्याचा अर्थ बदलला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ झाली तेव्हा तेच वाक्य त्यांचे समर्थक अभिमानाने लावत होते. एकाच ओळीने पाच वर्षांचा राजकीय इतिहास धरून ठेवला. हे ताकदीचं काम आहे आणि ते थांबू नये.

आजींचा व्हिडिओ आमच्याकडेही आला होता. आम्ही टाकला नाही. पण खरं कारण सांगतो, तेव्हा इतका विचार नव्हता, आवाज नीट ऐकू येत नव्हता म्हणून राहिला.

गवतीचहा

सुरंगी, सुंदर धागा. पाटावरवंटा, तुमची शेवटची ओळ फार आवडली, सरळ आहे.

माझं थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. चेहऱ्याचा मालक एक आणि चित्राचा निर्माता दुसरा, असं असतं तेव्हा निर्मात्याचंही काय होतं ते बघा. मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने २००५ च्या सुमारास आपल्या कॉमिकसाठी एक बेडूक काढला, पेपे. निवांत, मित्रांच्यात रमणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांनी तो उचलला आणि वर्षानुवर्षं निरागसपणे वापरला. मग २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास वंशद्वेष पसरवणाऱ्यांनी तो आपलासा केला. इतका, की द्वेषचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने त्या वर्षी त्याचं नाव यादीत घातलं. फ्युरीने २०१७ मध्ये आपल्याच बेडकाला कॉमिकमध्ये शवपेटीत ठेवलं. नंतर तो न्यायालयातही गेला आणि एका प्रचारकी संकेतस्थळाला २०१९ मध्ये पंधरा हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आणि त्याच २०१९ मध्ये हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी उतरलेली तरुण मुलं तोच बेडूक हातात धरून उभी होती! त्यांच्यासाठी तो आपल्यातला एक, डोळे चोळत उभा राहणारा साथीदार होता. अमेरिकेत त्याला काय अर्थ चिकटलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मीमवर कोणाचाच ताबा राहत नाही, ना निर्मात्याचा ना बिघडवणाऱ्याचा, हे मला भीतीदायकही वाटतं आणि आशा देणारंही.

जाता जाता काबोसूबद्दल. जपानमधल्या साकुरा शहरातली शिबा इनू जातीची कुत्री, निवाऱ्यातून २००८ मध्ये घरी आणलेली. मालकीणबाई बालवाडीच्या शिक्षिका. २०१० मध्ये त्यांनी ब्लॉगवर टाकलेल्या फोटोतली तिची ती तिरकी नजर पुढे 'डोज' झाली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिच्या नावाने चक्क आभासी चलन निघालं. २४ मे २०२४ ला ती गेली तेव्हा अनोळखी देशांतल्या लोकांनी शोक केला. तिच्या शहरात तिचा पुतळा आहे.

घाटमाथा

गवतीचहा, काबोसूच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. एका शिक्षिकेच्या घरातली कुत्री जगाची झाली आणि कोणाचं नुकसान झालं नाही. जग थोडं जवळ आलं.

सुरंगी

कुत्रीला बाजारात बसून भाजी विकायची नव्हती, घाटमाथा. आजींना रोज बसायचं असतं.

कातळ

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं. हा सल्ला नाही, माहिती आहे.

पहिली गोष्ट फार जणांना माहीत नसते. फोटोचा किंवा व्हिडिओचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो, त्यात दिसणाऱ्याचा नाही. म्हणजे आजींच्या व्हिडिओवर पहिला हक्क त्या मोबाइलवाल्या गिऱ्हाइकाचा! १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका, समीक्षा, खासगी वापर यांना सूट आहे. मीमचं किंवा विडंबनाचं वेगळं नाव तिथे नाही, ते याच चौकटीत बसवावं लागतं.

अमेरिकेतला 'सक्सेस किड' आठवा, समुद्रकिनाऱ्यावर वाळूची मूठ आवळलेलं बाळ. २००७ मधला फोटो. २०१५ मध्ये त्याच्या वडिलांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी लोकांनी भरभरून पैसे दिले, त्या मुठीच्या प्रेमापोटी. २०२० मध्ये स्टीव्ह किंग या राजकारण्याच्या प्रचारात देणग्या मागायला तोच फोटो वापरला गेला. मुलाच्या आईने दावा लावला आणि ती जिंकली. भरपाई मिळाली ७५० डॉलर, तिथल्या कायद्यातली किमान रक्कम. पण ती जिंकली ते फोटो तिने काढला होता म्हणून, कॉपीराइटवर. अनोळखी माणसाने काढला असता तर तो रस्ता तिला बंद होता.

दुसरी गोष्ट, आपल्याकडची. चेहरा, आवाज, लकब यांवर ज्याचा त्याचा हक्क, या दाव्यांना दिल्ली उच्च न्यायालयात अलीकडे चांगलं बळ मिळालंय. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूरच्या बाजूने आदेश झाला, त्यात 'झकास'सुद्धा होतं. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ 'भिडू'साठी गेला. तिथे न्यायालयाने वस्तू विकणाऱ्यांना रोखलं, पण त्याच्या मुलाखतीतले तुकडे जोडून केलेला एका यूट्यूबरचा व्हिडिओ लगेच बंद करायला नकार दिला. अशी निर्मिती हे अनेक तरुणांचं उपजीविकेचं साधन आहे, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय रोखता येणार नाही, असा सूर होता. मला तो निर्णय समतोल वाटला.

पण हे दावे कोण करतं बघा. ज्याच्या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे तो. ज्यांना प्रसिद्धी सोसण्याची सवय आहे, ज्यांच्याकडे वकील आहेत, त्यांना संरक्षण लवकर मिळतं. खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्या हक्काची वाट आजींनी कशी चालावी, एवढा खर्च कोणी करावा, याला आज सोपं उत्तर नाही.

माणदेशी

मी सांगोल्याकडचा. हितं बोलल्याशिवाय राहवंना.

जून २०२२ मध्ये आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीत होते आणि तिथून फोनवर कार्यकर्त्याशी बोलले. 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' सगळ्या देशात गाजलं. त्याची गाणी झाली, टी-शर्ट निघाले. खासगी फोन होता तो, पण बापू पुढारी, मोठ्या राजकीय उलथापालथीत होते, लोकांना ते कळायला पाहिजेच होतं. बापूंनी ते मोठ्या मनाने घेतलं, पुढं सभांमध्ये स्वतःच म्हणायला लागले. तिथं माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीकडं आहे. पुण्यात नोकरीला होतो. त्या दिवसांत हापिसात मी तोंड उघडलं की कोणतरी 'हाटील' म्हणायचं. मीटिंगमध्ये, जेवताना, लिफ्टमध्ये. बापूंच्या राजकारणावर कोण हसत नव्हतं, हसत होते त्यांच्या हेलावर. आणि तो हेल माझ्या आयचा हाय, माझ्या मास्तरांचा हाय. आमच्याकडं डोंगरावर झाडी दिसली की माणूस खरंच हरखतो, कारण माणदेशात पाऊसच नाही. ते वाक्य दुष्काळी मुलखातल्या माणसाच्या तोंडनं आलेलं आहे, हे कुठल्या मीमवाल्याला सुचलं?

आजींचंही तेच झालं असणार. मी व्हिडिओ बघितला न्हाई, बघणारही न्हाई. पण पैज लावून सांगतो, भाव पाडून मागणाऱ्यावर एकही मीम झाला नसंल.

सुरंगी

माणदेशी, एकही नाही. तुम्ही म्हणता ते मला दिसत होतं पण नेमकं मांडता येत नव्हतं. हसू कोणावर आलं, तर अर्ध्या किमतीत मेथी मागणाऱ्यावर नाही, तर त्याला सुनावणाऱ्या बाईवर. तिच्या साडीवर, दातांवर, बोलण्यावर.

दूरदेशी

+१ माणदेशी. हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय.

पाटावरवंटा

माणदेशी, 'हाटील'वर आमच्या पानानेही भरपूर केलं होतं. राजकारणावरचे मीम मी आजही पुन्हा टाकीन. हेलावरचे वेगळे काढता येतात का, ते जुन्या पोस्टमध्ये बघायला हवं.

एक चांगलं उदाहरणही नोंदवतो, कारण आपल्या मातीतलं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबादच्या यशराज मुखाटेने हिंदी मालिकेतल्या कोकिलाबेनच्या संवादांना चाल लावली, कुकर आणि रसोड्याचं ते प्रकरण. टाळेबंदीत अख्खा देश ते गुणगुणत होता. त्यात एकाही सामान्य माणसाची चेष्टा नव्हती. मूळ संवाद नटीने म्हटलेले, आणि ती भूमिका करणाऱ्या रूपल पटेल यांनी त्याला फोन करून कौतुक केलं. इतकं लोकप्रिय होण्यासाठी कोणाला दुखवावं लागलं नाही, हे मी आमच्या पानावरच्या नव्या मुलांना नेहमी दाखवतो.

गवतीचहा

कातळ, मग नवा कडक कायदा हाच उपाय का? 'सामान्य माणसाचा चेहरा परवानगीशिवाय वापरला तर शिक्षा' असा?

कातळ

नको. मनापासून नको.

२०१२ आठवा. एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली, ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून. तो खटला सुटायला २०२३ उजाडलं. नोव्हेंबरमध्ये आपल्या पालघरला दोन मुलींना अटक झाली. एकीने बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त 'लाइक' केलं होतं. दोन्ही प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ वापरलं होतं. 'त्रासदायक', 'गैरसोय करणारं' असे ढिले शब्द होते त्यात. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

असा कायदा केला तर तो आजींसाठी वापरला जाणार नाही. पुढाऱ्यावर मीम करणाऱ्या पोरावर वापरला जाईल.

आजींसाठी आज करता येण्यासारखं असं आहे. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आजींच्या वतीने त्यांच्या घरच्या कोणीतरी लेखी तक्रार द्यावी. मूळ व्हिडिओ आणि जास्त पसरलेल्या पोस्ट यांचे दुवे आणि पडद्याची छायाचित्रं आधी जमवून ठेवा. चेहरा विकृत केलेला असेल, बाईपणावरून अपमान असेल, तर ते स्पष्ट लिहा. सगळं निघणार नाही. व्हॉट्सअॅपवरचं तर अजिबातच नाही. पण मूळ स्रोत बंद झाला की नव्या प्रती कमी होतात. आणि तो मोबाइलवाला माहितीतला असेल तर त्याला आधी घरी जाऊन भेटा. काढून टाकणं त्याच्या हातात सगळ्यात सोपं आहे.

सुरंगी

माहितीतला आहे. आजींच्या नातवाशी बोलले, रविवारी आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. दुवे जमवायला मी मदत करतेय. कातळ, मसुदा तुम्हाला व्यक्तिगत संदेशातून पाठवला तर बघाल का?

कातळ

पाठवा. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे करू.

पाटावरवंटा

इतर मराठी पानं चालवणाऱ्यांपैकी बरेच जण ओळखीचे आहेत. आजींचं चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांना मी स्वतः फोन करतो. दोघं तरी ऐकतील. एक जण ऐकणार नाही, त्याचं नाव दुव्यांसकट सुरंगींना कळवतो, तक्रारीत घाला.

घाटमाथा

माणदेशींचा प्रतिसाद वाचून बराच वेळ थांबलो होतो. आजींच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य, पूर्ण. ज्याला उत्तर द्यायची सोय नाही आणि ज्याला उद्या तिथेच बसून पोट भरायचंय, त्याचा चेहरा घेऊ नये.

टाँटनच्या प्रेक्षकाबद्दल माझं मत बदललेलं नाही. दूरचित्रवाणीचे कॅमेरे आहेत हे माहीत असलेल्या मैदानावर तो उभा होता, आणि त्याची निराशा त्या दिवशी लाखो लोकांची होती. मधली माणसं राहतात. लग्नाच्या वरातीत बेभान नाचणारे काका, मुलाखतीत अडखळलेला विद्यार्थी, लोकलमध्ये जागेवरून भांडणाऱ्या बायका. यांचं काय करायचं ते या धाग्यात ठरलेलं नाही. वरातीतल्या काकांवर मी अजूनही हसेन असं वाटतं. विद्यार्थ्यावर नाही.